हत्ती कुठे पळून जात नाही

आमची मुलगी सव्वादोन वर्षांची असताना आम्ही तिला पहिल्यांदा ऑरलँडोला डिस्नीच्या मॅजिक किंगडम पार्कात नेलं. जुलै महिना होता. तिकिटांवर एवढे पैसे खर्चले आहेत, तेव्हा सकाळी नऊला आत शिरायचं आणि रात्रीची आतषबाजी बघूनच बाहेर पडायचं, असं ठरवून टाकलं होतं. दुपारी अडीचला डम्बो हत्तीच्या रांगेत आमचा नंबर येता येता तिने भोकाड पसरलं. तिला हत्ती नको होता, आइस्क्रीम नको होतं, मीही नको होते. घरी ती रोज साडेबाराला झोपते हे मला ठाऊक होतं आणि तरी मी तिला दोन तास ताणून जागं ठेवलं होतं. माझ्या सासूबाई बरोबर होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, झोपू दे तिला. हत्ती कुठे पळून जात नाही."

तीन वर्षांनी धाकट्याला घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा सगळी सहल त्या एका वाक्यावर आखली आणि ती फार सुखाची झाली. अमेरिकेत राहणारी आपली कितीतरी कुटुंबं लहानग्यांना घेऊन तिथे जातात. पुण्या-मुंबईहून मुलाबाळांसह सुट्टीला येणारे नातेवाईकही हटकून ऑरलँडोचा बेत करतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

जावं का, हा प्रश्न आधी. मोठेपणी आपल्याला सहसा तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काही आठवत नाही. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला ही सहल आठवणार नाही, हे मान्य करूनच निघा. तीन वर्षांखालच्या मुलाला तिथे तिकीट लागत नाही, म्हणून 'तिसरा वाढदिवस व्हायच्या आत जाऊन येऊ' असा हिशेब बरेच जण करतात. पण पैसे मुलाच्या तिकिटात जात नाहीत, आपल्या तिकिटांत जातात. दहा वर्षांपासून पुढे मोठ्यांचं तिकीट लागतं. एका दिवसाचं ते तिकीट शंभर डॉलरच्या वरच असतं आणि गर्दीच्या तारखांना दोनशेच्या घरात पोचतं. हात आखडता असेल तर मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत थांबा. त्याचं काहीही बिघडत नाही. पण घरात मोठं भावंड असेल, आजी-आजोबा आलेले असतील, किंवा आपल्या लेकराचे विस्फारलेले डोळे बघण्यातच तुम्हाला आनंद असेल, तर जरूर जा. तो आनंद खरा आहे. तो आठवणार तुम्हाला आहे, तेव्हा तो थकून-चिडून वाया घालवू नका.

महिना निवडता येत असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारीची सुरुवात धरा. फक्त सुट्टीला जोडून येणारे शनिवार-रविवार टाळा. सकाळी थंडी असते, एखादा दिवस चांगलाच गारठा निघतो, त्यामुळे स्वेटर हवा. दुपार मात्र आपल्या डिसेंबरातल्या पुण्यासारखी असते. जून ते सप्टेंबर हा काळ लहान मुलांसाठी मला नकोसाच वाटतो. तापमान तेहतीस अंशांच्या आसपास, हवा मुंबईच्या मेसारखी दमट आणि जवळजवळ रोज दुपारी गडगडाटासह पाऊस. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड्स बंद ठेवतात. उन्हाळ्यातच जावं लागलं तर सकाळचे तीन-चार तास आपले, दुपार खोलीतली, असं सरळ मानून चाला.

भारतातून येणाऱ्यांनी अजून एक गोष्ट धरायला हवी. उन्हाळ्यात भारताचं घड्याळ ऑरलँडोच्या साडेनऊ तास पुढे असतं, हिवाळ्यात साडेदहा तास. ठाण्यात रात्री आठला झोपणाऱ्या बाळाच्या अंगात ऑरलँडोच्या सकाळी साडेनऊ-साडेदहालाच रात्र भरते. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला पार्कात नेलं, तर ते मूल मध्यरात्री उठवून जत्रेत आणल्यासारखं वागेल आणि त्याचा दोष नसेल. मध्ये निदान तीन दिवस मोकळे ठेवा. हॉटेलचा पोहण्याचा तलाव, जवळची बाग, एवढं पुरतं.

आता झोपेबद्दल. हा लेख वाचून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. मुलाची दुपारची झोप कागदावर आधी लिहा आणि तिच्या अलीकडे-पलीकडे बाकीचा दिवस बसवा. आमचा दिवस असा होता: साडेसहाला उठणं, खोलीतच नाश्ता, पार्क उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी दाराशी, बारापर्यंत जे होईल ते, मग बाहेर. झोप, आंघोळ, जेवण आणि वाटलं तर चार-साडेचारला पुन्हा आत. त्याच तिकिटावर त्या दिवशी परत येता येतं. वाटलं नाही तर नाही. दोन संध्याकाळी आम्ही परत गेलोच नाही आणि त्याची हळहळ कुणालाही वाटली नाही.

ही ये-जा जमायची तर मुक्काम कुठे आहे हे महत्त्वाचं ठरतं. मॅजिक किंगडमचं वाहनतळ पार्काच्या दाराशी नाही. गाडी लावायची, तिथून मोनोरेल किंवा मोठी फेरीबोट धरायची, सेव्हन सीज लगून हे तळं ओलांडायचं आणि मग दार. गाडीतून उतरल्यापासून आत पाय ठेवेपर्यंत पाऊण तास सहज जातो, बॅगांची तपासणी धरून. डिस्नीच्या स्वतःच्या हॉटेलांतून येणाऱ्या बसेस मात्र थेट दाराजवळ सोडतात. शिवाय तिथे राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात. लहान मुलासाठी सकाळचा तो अर्धा तास सोन्यासारखा असतो. कंटेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन ही तीन हॉटेलं मोनोरेलवरच आहेत, कंटेम्पररीहून तर चालत जाता येतं, पण त्यांचे दर फार चढे. आम्ही बसवाल्या साध्या हॉटेलात राहिलो. बाहेरचं हॉटेल स्वस्त पडतं हे खरं, पण दुपारच्या ये-जाचे दीड-दोन तास त्या बचतीतून वजा करून बघा. परत जाणं शक्यच नसेल तर बाबागाडीतली झोप तरी पक्की करा.

बाबागाडी न्यायचीच. 'आमचा आता चालतो' असं म्हणून ती खोलीत ठेवू नका. दिवसाकाठी दहा-बारा किलोमीटर चालणं होतं आणि साडेतीन वर्षांचं मूलही तेवढं चालत नाही. तुमच्या गाडीची रुंदी 31 इंच आणि लांबी 52 इंच यांच्या आत हवी. ओढायच्या वॅगन 2019 पासून बंद आहेत. तिथे भाड्याने मिळणारी बाबागाडी कडक प्लास्टिकची असते, पाठ आडवी होत नाही आणि ती पार्काबाहेर नेता येत नाही. म्हणजे झोपेसाठी ती निरुपयोगी आणि तान्ह्या बाळाला तर नाहीच. बसमध्ये चढताना गाडी घडी करावी लागते, तेव्हा एका हाताने मिटणारी असली की दुसऱ्या हातात मूल राहतं. मोनोरेल आणि फेरीबोटीत उघडीच चालते, त्यामुळे झोपलेलं मूल उठवावं लागत नाही.

राइडमध्ये गाडी नेता येत नाही, बाहेर ठरलेल्या जागी लावावी लागते. तिथे शंभरेक गाड्या एकसारख्या दिसतात आणि कर्मचारी त्या नीट रांगेत लावायला इकडच्या तिकडे सरकवतात. सासूबाईंनी आमच्या गाडीच्या दांड्याला त्यांची पिवळी बांधणीची ओढणी बांधली. लांबून दिसायची. पैसे, पासपोर्ट, फोन मात्र गाडीत ठेवून जाऊ नका.

राइड्सचं बघू. ज्या गोष्टींसाठी हे पार्क जाहिरातींत दिसतं, त्यांतल्या पुष्कळ तुमच्या मुलासाठी नाहीत आणि तशी काही गरजही नाही. दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारण 34 इंच असते. बार्नस्टॉर्मर या छोट्या रोलर कोस्टरला 35 इंच लागतात, सात बुटक्यांच्या खाणगाडीला 38. उंचीची मोजपट्टी दाराशीच असते आणि तिथे कुणाचीही गयावया चालत नाही, चालूही नये. मोठ्या भावंडासमोर 'तू लहान आहेस' असं ऐकून पाच मिनिटं रडणं टाळायचं असेल तर घरीच उंची मोजून घ्या आणि कुठे कुठे जायचं हे आधी ठरवा.

उंचीची अट नसलेल्या राइड्स इतक्या आहेत की दोन सकाळी पुरत नाहीत. दार उघडल्या उघडल्या सरळ फँटसीलँडकडे चला. पीटर पॅनची उडती नौका पहिली घ्या, कारण पुढे दिवसभर तिची रांग तासाच्या आसपास रेंगाळते. मग डम्बो. मग विनी द पूह. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' ही नाव 1964-65 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी पहिल्यांदा बनवली गेली. दहा-बारा मिनिटं गार अंधारात बोट संथ सरकते आणि दोन्ही बाजूंना देशोदेशीच्या बाहुल्या नाचतात. मोठ्यांना त्या गाण्याचा कंटाळा येतो हे मी ऐकलं आहे. माझा मुलगा मांडीवर बसून श्वास रोखून बघत होता आणि बाहेर आल्यावर हात पुढे करून म्हणाला, "पुन्ना."

शेजारीच घोड्यांचं मेरी-गो-राउंड आहे. ते 1917 साली बनवलेलं, लाकडी घोड्यांचं. डिस्नीने विकत घेण्याआधी ते कित्येक वर्षं न्यू जर्सीतल्या ऑलिंपिक पार्कमध्ये फिरत होतं. आम्ही न्यू जर्सीचेच, त्यामुळे त्या घोड्यांशी उगीचच नातं वाटलं. गावाकडच्या जत्रेतला पाळणा ज्याने बघितला आहे, त्याला मूल घोड्यावर धरून उभं राहण्यातलं सुख सांगायला नको.

आणि आगगाडी. तिची गंमत लोकांच्या लक्षात येत नाही, कारण ती 'राइड' वाटत नाही. पार्काला वळसा घालणारी ही खरीखुरी वाफेची गाडी आहे. तिची चारही इंजिनं 1916 ते 1928 या काळात बाल्डविनच्या कारखान्यात बनली आणि मेक्सिकोतल्या युकातानमध्ये राबून इथे आली. पूर्ण फेरी साधारण वीस मिनिटांची. सावली, वारा, शिट्टी आणि पाय मोकळे. झुकझुकगाडीचं वेड असलेल्या वयात आणखी काय हवं? बाबागाडी तेवढी घडी करावी लागते. टुमॉरोलँडमधली पीपलमूव्हर ही उंचावरून हळूहळू फिरणारी गाडीही अशीच शांत आहे. धाकटा तिच्यात दोनदा पेंगला.

उंचीची अट नाही म्हणजे मुलाला झेपेल, असं मात्र नाही. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'मध्ये काळोख, तोफांचे आवाज आणि बोटीची एक छोटी घसरण आहे. हाँटेड मॅन्शन म्हणजे भुतांचा वाडा. काही मुलं खिदळतात, काहींची रात्रीची झोप उडते. तुमचं मूल मिक्सरच्या आवाजाला दचकत असेल तर दोन्ही सोडा. अंदाज येत नसेल तर दोघांपैकी एकाने आधी जाऊन यावं.

तसं जाऊन येण्याची सोय पार्कानेच केली आहे. तिला रायडर स्विच म्हणतात. आईबाबांना उंचीची अट असलेल्या राइडला जायचं असेल तर दाराशी कर्मचाऱ्याला सांगायचं. एक जण रांगेत जातो, दुसरा मुलापाशी थांबतो. पहिला परतला की दुसऱ्याला पुन्हा लांब रांग लावावी लागत नाही. यासाठी वेगळे पैसे नाहीत. मोठ्या भावंडाला सहसा दोघांबरोबर दोनदा बसायला मिळतं, हा त्याचा फायदा.

मिकी-मिनीबद्दल एक कळकळीची विनंती. टीव्हीवर वीतभर दिसणारा मिकी समोर येतो तेव्हा पुरुषभर उंच असतो, त्याचं डोकं टोपल्याएवढं असतं आणि तो बोलत नाही. घाबरणं साहजिक आहे. मुलाला त्याच्या कडेवर ढकलून फोटो काढू नका. लांबून हात हलवू द्या, आपण आधी जाऊन हात मिळवा, आणि तरी नको म्हटलं तर पुढे चला. मिरवणुकीत हेच सगळे जण लांबून रथांवरून जातात, तेव्हा तीच मुलं उड्या मारतात. दुपारच्या मिरवणुकीसाठी मेन स्ट्रीट या पार्कातल्या मुख्य रस्त्यावर सावलीची बाजू वीस-पंचवीस मिनिटं आधी धरा.

खाण्याची काळजी आपल्या लोकांना फार असते आणि इथे ती करायचं कारण नाही. बाहेरचं खाणं आत नेता येतं. काचेची भांडी चालत नाहीत, पण बाळाच्या खाण्याच्या बाटल्या चालतात. सुटा बर्फ चालत नाही, त्याऐवजी गोठवलेले जेलपॅक न्या. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, राजगिऱ्याचे लाडू, चुरमुरे, केळी, एवढ्यावर लहान मुलाची सकाळ निघते. झटपट खाण्याच्या काउंटरवर साधं गार पाणी मागितलं की फुकट मिळतं, विकतच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. ऑरलँडोत भारतीय किराणा दुकानं आहेत. खोलीत छोटा कुकर चालत असेल तर मऊ भात, तूप-मेतकूट संध्याकाळी घरच्यासारखं होतं. भुकेची वेळ यायच्या अर्धा तास आधीच हातात काहीतरी द्या. बाराच्या ठोक्याला सगळं पार्क जेवायला रांग लावतं, तेव्हा आपलं अकराला झालेलं असलं की बरं.

मेन स्ट्रीटच्या टोकाला, किल्ल्याच्या अलीकडे डावीकडे, क्रिस्टल पॅलेस या उपाहारगृहाच्या शेजारी बेबी केअर सेंटर आहे. आत शिरल्यावर पहिल्यांदा तेच बघून ठेवा. दूध पाजायला निवांत खोली, डायपर बदलायच्या प्रशस्त जागा, उंच खुर्च्या, सिंक, खाणं गरम करायला मायक्रोवेव्ह. डायपर, बाळाचं दूध विसरलात तर विकतही मिळतं. डिस्नीच्या तिथल्या चारही मोठ्या पार्कांत अशी जागा आहे. दूध तुम्ही कुठेही पाजू शकता, कुणी हटकत नाही, पण भोवती एवढं काही चाललेलं असताना बाळ धड पीत नाही. त्या गार, शांत खोलीत पितं.

नुकतंच डायपर सुटलेल्या मुलांच्या आयांनी पर्समध्ये चिकटचिठ्ठ्यांची एक वडी ठेवावी. तिथल्या कमोडचं पाणी आपोआप सुटतं, कधी मूल बसलेलं असतानाच. त्या आवाजाने एकदा दचकलेलं मूल मग दिवसभर बसायला तयार होत नाही. सेन्सरवर चिठ्ठी चिकटवली की आवाज होत नाही. सोबत दोन जोड कपडे जास्तीचे असू द्या.

हरवण्याची भीती प्रत्येकाला वाटते. सकाळी निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो काढा. तुमचा फोन नंबर त्याच्या मनगटावरच्या पट्टीवर किंवा दंडावर पेनाने लिहा, आणि तो अमेरिकेत लागणारा नंबर असू द्या. कर्मचाऱ्यांच्या छातीवर पांढरी अंडाकृती नावाची पट्टी असते. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला ती ओळखायला शिकवता येतं. मूल दिसेनासं झालं तर शोधत धावू नका. तिथल्या तिथे पहिल्या दिसणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगा. आणि गर्दीत 'मला वाटलं तुझ्याकडे आहे' हे होऊ नये म्हणून मूल हाती देताना तोंडाने म्हणा, "आता तुझ्याकडे." आमच्याकडे आजोबाही असं म्हणायचे.

आजी-आजोबांबद्दल थोडं. आपल्याकडे सहल सहसा तीन पिढ्यांची असते. त्यांना मुलं सांभाळायला म्हणून नेऊ नका, त्यांच्याही आयुष्यातली ती बहुधा एकदाच होणारी भेट आहे. पण एक खरं की सावलीच्या बाकावर नातवाला मांडीवर घेऊन बसण्यात त्यांना मनापासून सुख असतं. दिवसातला एक तास तसा ठेवा आणि एक तास त्यांना हवं ते दाखवा. त्यांच्या गुडघ्यांसाठी चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. घ्यायला संकोच करतात, तेव्हा दारातच घेऊन टाका. सासऱ्यांना सगळ्यात जास्त आवडलं ते दुसऱ्याच पार्कातलं, ॲनिमल किंगडममधलं किलीमांजारो सफारी. उघड्या ट्रकमधून खरे जिराफ, हत्ती, सिंह बघायचे, उंचीची अट नाही. चार पिढ्यांनाही पुरेल असं ते एकच ठिकाण आहे. एका दिवसाहून जास्त वेळ असेल तर मॅजिक किंगडमनंतरची सकाळ तिकडे द्या. बाकीची दोन पार्कं या वयात सोडली तरी चालतील.

रात्रीची आतषबाजी फार सुंदर असते, पण आवाज छातीत घुमतो आणि मेन स्ट्रीटवर बाबागाडी हलायला जागा उरत नाही. मोठं भावंड असेल तर एक जण त्याला घेऊन थांबा, लहानग्याच्या कानांवर आवाज अडवणारे हेडफोन असल्याशिवाय त्याला तिथे ठेवू नका. त्याहून चांगलं म्हणजे सुरू व्हायच्या आधी अर्धा तास बाहेर पडा आणि मोनोरेल सोडून फेरीबोट धरा. बोटीच्या मागच्या कठड्यापाशी उभे राहा. किल्ल्याचे दिवे पाण्यावर दिसतात, गाडी मिटावी लागत नाही आणि वेळ जुळली तर आकाशात फुटणारे रंग तिथूनही दिसतात. आवाज तेवढा लांबून, मऊ होऊन येतो.